आखाजीला येते, असं मी सांगून बसलो

सुमन,

टेम्पोवाला अक्षय्य तृतीयेला सकाळी सातला येतो म्हणालाय. मी असं म्हटलं की तू लगेच टोकायचीस, "आखाजी म्हनाले काय जीभ झिजस तुमनी?" बरं, आखाजीला. म्हणजे परवा. दिवस तू ठरवलेला होतास, मी बदललेला नाही. बदलायचा तर कुणाला विचारून बदलायचा हेच कळेना, म्हणून तसाच राहिला.

तुला जाऊन सहा आठवडे झाले. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, कारण तू बांधलेली सगळी बोचकी अजून तिथेच आहेत. जुन्या नऊवारीतली, जुन्या चादरीतली, माझ्या एका पायजम्यातलीसुद्धा. गाठी अशा मारल्यास की मला दातानेही सुटत नाहीत. कशात काय आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. हाताने दाबून बघतो. हे भांडं असावं, हे अंथरूण असावं, आणि हे काय असावं बुवा. मग तिथेच बसून राहतो. मनीषाचा सुरतहून फोन येतो, "पप्पा, पॅकिंग कुठवर आलं?" मी म्हणतो, चाललंय.

माझी फाईल तुला आठवते ना. वर 'स्थलांतर' असं लिहून आत तीन याद्या केल्या होत्या, नेण्याचे सामान, देण्याचे सामान, टाकण्याचे सामान. तू महिनाभर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीस. एकदाच उघडलीस, तिन्ही पानं बोट फिरवत वाचलीस आणि गंभीर चेहऱ्याने विचारलंस, "आनि तुमनं नाव कोनती यादीमा शे?" मला राग आला होता. माणूस नीट काम करतोय तर ही थट्टा करते. त्या दिवशी मी चहासुद्धा रागारागाने प्यालो. आता ती फाईल मी गादीखाली ठेवली आहे, डोळ्यांसमोर नको म्हणून.

खरं सांगायचं तर शेत हा आपल्या लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनचा वाद होता. ब्राह्मणपुरीची तू, वावरात वाढलेली. लग्न होऊन आलीस आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या आईला विचारलंस की आपलं वावर कुठे आहे. आईला सांगावं लागलं, बाई, आपलं वावर नाही, आपली नोकरी आहे. आई ते आयुष्यभर हसत सांगायची, पण तू कधी हसली नाहीस. आणि मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत बसून जिल्हाभराच्या पाटचाऱ्यांच्या कागदांवर सह्या केल्या. चारीत पाय एकदाही भिजला नाही. तू म्हणायचीस, समद्या गावले पानी देतस आनि घरमा एक वाफा नही. मी म्हणायचो, गच्चीवर कुंड्या आहेत की.

आणि मग माझ्या निवृत्तीनंतर तू हे दोन एकर शोधून काढलंस. अक्कलकुव्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, दोन खोल्या, एक विहीर, चार कडुनिंब. त्याचे मालक, एक म्हातारे मास्तर, मुलाकडे सुरतला चालले होते म्हणून विकायचं होतं. बघायला गेलो तेव्हा मी मास्तरांच्या ओट्यावर बसून सातबारा, फेरफार, नकाशा, सगळं भिंगाने तपासत होतो. मनात म्हणत होतो, एखादी तरी चूक निघू दे. तू वावर बघितलंच नाहीस. बांध ओलांडून शेजारच्या रमणबाईकडे गेलीस आणि तासभर तिच्या झोपडीपुढे बसलीस. तिला धड अहिराणी येत नाही, तुला पावरी येत नाही, आणि दोघी बोलतायत बोलतायत. परत आलीस ती पदराला हात पुसत. "ल्या हाई वावर. शेजार चांगलं शे." झालं. माती नाही, पाणी नाही, रस्ता नाही. शेजार चांगलं म्हणून जमीन घेणारी तू एकटीच असशील.

मी सही केली. हो म्हटलं नव्हतं. हा फरक तुला कळत होता, पण तू तो कधी उकरून काढला नाहीस. मीही काढला नाही. मला वाटलं, जाऊ एक पावसाळा, चिखल बघितला, विंचू बघितला की तूच म्हणशील, चला परत.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. होळीच्या आधी चार दिवस. मी म्हटलं, हे घर असंच मांडलेलं राहू दे, पलंग, कपाट, कुकर, सगळं. अडीनडीला परत येता येईल. तू पोळपाट पुसत होतीस, ती थांबलीस. "जानं शे ते पुरं जानं. नही ते तुम्ही ऱ्हा आठे, मी एकलीच जासू." आणि मी, साठी उलटलेला शहाणा माणूस, काय म्हणालो? "जा. एकटी जा. बघू किती दिवस निघतात." तू पीठ मळायला घेतलंस. दुसऱ्या दिवशी ताटात नेहमीसारखी लसणाची चटणी होती, मी ओळखलं की मिटलं. पण बोललेलं मी मागे घेतलं नाही. म्हटलं, शेतात गेल्यावर निवांत बोलू, संध्याकाळी विहिरीवर बसू तेव्हा. तसली वेळ यावी लागते असं मला वाटायचं. पुढच्या आठवड्यात दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तुला घेरी आली. पुढचं मी इथे लिहीत नाही. मला ते लिहिता येत नाही.

आता तुला जे सांगायला बसलोय ते सांगतो. चार दिवस टाळतोय.

तू गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी घरात चूल पेटली. भाऊबंदातल्या बायका स्वयंपाकाला आल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "दादर शे का घरमा?" पाहुणे खूप, भाकऱ्या टाकायच्या होत्या. सुमन, तोवर पाच दिवस लोक मला नाना गोष्टी विचारत होते. आक्काचं सोनं कुठे, आधार कार्ड कुठे, कोणत्या साडीत न्यायचं. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मनीषाच्या तोंडाकडे बघायचो. आणि दादर ज्वारी कुठे आहे हे मला माहीत होतं. माळ्यावर, मागच्या बाजूला, पत्र्याचा मोठा डबा. तू ठेवताना मीच स्टूल धरलं होतं. मी उत्साहाने चढलो, डबा उतरवला. वर कडुनिंबाचा पाला होता, तो काढून टाकला. बायकांना म्हटलं, तुम्ही बसा, मी दळून आणतो. स्वतः चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याला बजावलं, बारीक दळ.

त्या संध्याकाळी मी अडीच भाकरी खाल्ल्या. पाच दिवसांत पोटात अन्न नव्हतं. अशी गोड भाकरी, अशी पांढरी, पापुद्रा अख्खा सुटणारी. सगळ्यांसमोर म्हणालो, "सुमनच्या हातची आठवली." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग गंधमुक्तीच्या विधीपर्यंत रोज त्याच डब्यातलं पीठ. भावकीने खाल्लं, पाहुण्यांनी खाल्लं, तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी आल्या होत्या त्यांनी खाल्लं. उरलेलं मनीषा पिशवीत भरून सुरतला घेऊन गेली, आईच्या घरचं म्हणून.

गेल्या आठवड्यात तुझा भाऊ नाना ब्राह्मणपुरीहून आला, सामान बांधायला हातभार लावायला. बोचक्यांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, आक्कानं बियानं कोठे शे? ते वर ठेवजा, पानी लागाले नको." मी म्हटलं, कसलं बियाणं? तो म्हणाला, दादरनं. मायनं दादर.

मग त्याने सांगितलं आणि मला एकेक करून कळत गेलं. तुझ्या आईच्या वावरातली ती दादर. आई गेल्यावर कुणी पेरली नाही, नानाने सगळीकडे पपई लावली. तुझ्या म्हाताऱ्या मामीकडे थोडी धरून ठेवलेली होती. ती तू मागून आणलीस, गेल्या हिवाळ्यात नानाला गळ घालून बांधाच्या कडेला चार ओळी पेरायला लावल्यास. कापणीला दोन दिवस जाऊन स्वतःच्या हाताने कणीस कणीस निवडलंस. एवढ्यासाठी गेली होतीस तू. मी तेव्हा काय म्हणालो ते मला चांगलं आठवतंय. ज्वारी आणायला ब्राह्मणपुरीला कशाला जायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात हवी तेवढी मिळते. तू पिशवी उचलून बसस्टँडवर गेलीस.

मी नानाला विचारलं, तुझ्याकडे उरली असेल ना थोडी? मूठभर? "एक दाना नही, दाजी. आक्का समदं लई गयी व्हती." मामीही राहिली नाही आता. मी त्याला सांगितलं की आम्ही खाल्ली. त्याला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, दळून आणली, भाकऱ्या केल्या, तूही खाल्ल्यास नाना, दोन दिवस. तो एका बोचक्यावर मटकन बसला. मग म्हणाला, "आक्का ऱ्हाती ते हासती."

तू हसली असतीस का? मी हे रोज स्वतःला विचारतोय. कधी वाटतं, हसली असतीस, गावभर सांगत फिरली असतीस, आमच्या साहेबांनी बियाण्याच्या भाकऱ्या खाल्ल्या. कधी वाटतं, पीठ मळताना गप्प झालीस तशी गप्प झाली असतीस. इतकी वर्षं एका घरात राहून मला एवढं सांगता येऊ नये.

आणि रागही येतो, लपवत नाही. अगं, एक चिठ्ठी लावली असतीस डब्यावर. मी घरातल्या मिक्सरच्या वायरीलासुद्धा लेबल लावतो आणि तू आयुष्यात एकदा पेन हातात धरून 'बियाणे' एवढी तीन अक्षरं लिहू शकली नाहीस? मला सांगितलं तरी असतंस. पण सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, हे तुला माहीत होतं. कशाला हा उपद्व्याप, आता चांगली संकरित बियाणी मिळतात. हेच म्हणालो असतो. म्हणून तू सांगितलं नाहीस. माझ्यापासून जपून ठेवलंस ते मीच उतरवून दळून आणलं.

त्या दिवशी माझा धीरच सुटला. बियाणं होतं तोवर निदान एक काम होतं तिकडे जाऊन करायचं. मी नानाला म्हटलं, बघ कुणी घेणारा असेल तर, मी काही जात नाही. मनीषाला कळलं तशी ती रडायलाच लागली, सुटल्यासारखी. "पप्पा, इकडेच या. तिथे एकटे काय करणार तुम्ही?" बरोबरच आहे तिचं. मला कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते माहीत नाही. तुरीचं आणि उडदाचं रोप शेजारी उभं केलं तर मी दोघांना नमस्कार करीन.

सोमवारी एसटीने शेतावर गेलो. रमणबाईकडे किल्ली होती, ती घ्यायची आणि तिला सांगायचं की आम्ही येत नाही. बसमध्ये सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं. बाई वारल्या, आम्ही शेत काढतोय, तुम्ही एवढे दिवस लक्ष ठेवलंत, उपकार झाले.

फाटकातून आत गेलो आणि जागीच थांबलो. दोन्ही खोल्या तिने सारवलेल्या होत्या. दारापुढे सडा. भिंतीला खालून गेरूचा पट्टा. कडुनिंबाखाली चूल घातलेली, तू दाखवून आली होतीस तशी, तुझ्या हाताच्या मापाची. ती मला हाताला धरून नेल्यासारखी पुढे चालत दाखवत होती. चुलीपुढे स्वतः बसून दाखवलं, बाई अशी बसेल, धूर तिकडे जाईल. एका टोपलीत मोहाची फुलं वाळवून ठेवली होती, तीही तुझ्यासाठी. काठी गावच्या होळीला तू येणार होतीस तिच्याबरोबर, आली नाहीस म्हणून रुसली होती, तेही सांगून झालं. मी विचारलं, बाईंनी तुमच्याकडे काही बियाणं दिलंय का ठेवायला, थोडं का होईना. म्हणाली, नाही, बाई सांगत होत्या की येताना घेऊन येते.

मग तिने माझ्या रिकाम्या बाजूला बघितलं. "बाई नही उनी?"

सुमन, मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना मनीषाने फोन केले. नगरपालिकेत छापील अर्ज होता, मी फक्त सही केली. कॉलनीत फळ्यावर लिहिलं गेलं. लोक आले ते कळूनच आले. माझ्या तोंडून ते एकदाही निघालेलं नाही. रमणबाईकडे फोन नाही, तिचा नवरा तो घेऊन कामाला गुजरातेत गेलाय. तिला कोण सांगणार होतं?

ती परत म्हणाली, "आखाजीले येस ना बाई?"

"येस," मी म्हणालो. तुझ्याच बोलीत निघालं, मी कधी बोलत नाही त्या. "आखाजीले येस."

ती अशी खूश झाली. किल्ली मागायची राहूनच गेली. मी तसाच फाटकाबाहेर आलो आणि रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो, कुणी बोलावून परत विचारेल म्हणून.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. खोटं बोललो याची लाज आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे, बोलल्यावर मला बरं वाटलं होतं. बसमध्ये तळोदा येईपर्यंत बरं वाटत होतं. नंदुरबारच्या या घरात तू नाहीस, तुझ्या चपला मनीषाने कुणाला तरी देऊन टाकल्या, फोटोला हार आहे. ब्राह्मणपुरीत तू नाहीस. पण त्या दोन एकरांत तू अजून यायची आहेस. तिथे जमीन सारवून तुझी वाट बघत कुणीतरी बसलेलं आहे. ती एक जागा मला मोडवत नाही, आणि मी गेलो की ती मोडणारच.

न जाऊन तरी काय करू? ती आखाजीला दारात उभी राहील. संध्याकाळपर्यंत उभी राहील. दुसऱ्या दिवशीही राहील. तसं करायला मी एवढा हलकट नाही गं. म्हणून नानाला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक बघू नकोस. त्याने कारण विचारलं नाही. म्हणाला, पहिली आखाजी आहे आक्काची, तिच्या नावाने पितरांची घागर भरावी लागेल, ती शेतातच भरू. घागरीवर ठेवायचं डांगर आणि सांजोऱ्या तो आणतोय. मनीषाही येते म्हणाली, पण तिची गाडी दुपारची आहे. सकाळी टेम्पोत मी एकटाच.

तुला खोटं वाटेल, पण मी धीट झालोय वगैरे काही नाही. शेती जमेल असंही वाटत नाही. दादर बाजारातून आणीन म्हणतो, पण ती तुझी नसणार, आणि ती पेरायची कधी हेही मला कुणालातरी विचारावं लागेल. एकटी जा, बघू किती दिवस निघतात, असं मी म्हणालो होतो. चुकलो. हे मला तुला विहिरीवर बसून सांगायचं होतं, इथे बोचक्यांत बसून लिहितोय.

परवा साडेआठ-नऊला टेम्पो कडुनिंबाखाली थांबेल. आवाज ऐकून रमणबाई बांधावरून येईल, हात पुसत. मी ड्रायव्हरच्या शेजारून उतरेन. ती मला या म्हणेल, आणि माझ्या मागे बघेल, तू उतरायची वाट बघत. टेम्पोचं दार उघडं असेल आणि मी ते लावणार नाही.

तेव्हा तिला काय सांगू, सुमन?